उसाच्या गाडीतून गेलेला लेथ

फौजी मास्तर पोरांना काही शिकवत नसत, म्हणून त्या वर्षी टेक्निकलची पोरं प्रॅक्टिकलला आपटली, असं कडेगावच्या बाजूला आजही बोललं जातं. मी त्या शाळेच्या संस्थेत तांत्रिक पर्यवेक्षक होतो. हे बोलणं मी लग्नांत ऐकलं, एस.टी. स्टँडवर ऐकलं, एकदा दवाखान्यात नंबर लावून बसलो असताना ऐकलं. दर वेळी नुसती मान हलवली. मास्तर आता नाहीत. खरं काय झालं ते डोळ्यांनी पाहिलेला बहुतेक मीच उरलोय, म्हणून लिहायला बसलो.

अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची आली, ते दिवस. शाळेतल्या पोरांच्या हाताला काहीतरी काम यावं असं सरकारनं मनावर घेतलं होतं. काही शाळांना टेक्निकलचे वर्ग मिळत. ते घेतलेल्या मुलाला वर्कशॉप आणि ड्रॉइंग असे, आणि शेवटी बोर्डाची प्रॅक्टिकल परीक्षा. परीक्षक बाहेरचा यायचा. पोरानं त्याच्यासमोर लोखंडाचा तुकडा दिलेल्या मापात करून दाखवायचा, त्याला जॉब म्हणत.

आमच्या संस्थेचा असा वर्ग कडेगावजवळच्या शाळेत आधीपासून होता. तिथं एक लेथ होता, लोखंड फिरवून कापायचं यंत्र. साखर कारखान्यानं आपल्या वर्कशॉपमधून काढून दिलेला, पट्ट्यावर चालणारा, जुना पण दणकट. फौजी मास्तर पलटणीच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात घालवून पेन्शनीत आलेले. त्यांनी तो लेथ स्वतः बसवला होता. खाली काँक्रीटचा चौथरा, त्यात बोल्ट, पायांखाली लोखंडी पाचरी. सपाटी बघायची पाणसळ वर ठेवून हा पाय केसभर उचल, तो केसभर उतरव, असं त्यांचं कितीतरी दिवस चाललं होतं. लेथ सपाट बसला नाही तर त्याचा सांगाडा पिळतो आणि त्यावर कापलेला जॉब एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक होतो. हे मलाही ठाऊक होतं. डिप्लोमाला मी तेच शिकलो होतो.

मास्तर गोड माणूस नव्हते. शिव्या द्यायचे, पोरांच्या बोटांवर स्टीलची पट्टी मारायचे. दुपारी जेवल्यावर खुर्चीत डुलकी काढायचे. लोकांना पुढं ते सगळं पटलं, त्याचं कारण ही डुलकीसुद्धा असेल. पण दसऱ्याला पोरं लेथला हार घालून पाया पडायला लागली की ओरडायचे, "पाया काय पडताय रं? तेल घाला त्याला, तेल!"

विट्याजवळच्या एका गावचा मुलगा त्यांच्या वर्गात होता. त्याचे चुलते दक्षिणेत कुठंतरी सोनं वितळवून शुद्ध करायच्या, गलाईच्या धंद्यात होते, पण ह्याला तिकडं जायचं नव्हतं. त्याला सांगलीला डिप्लोमा करायचा होता. मास्तर कुणाची स्तुती करत नसत. ह्याच्याबद्दल एवढंच म्हणाले होते, "पोराच्या हाताला कान हायत. टूल वरडायच्या आधी हात मागं घेतंय."

त्या वर्षी साताऱ्याजवळच्या आमच्या नव्या शाळेलाही टेक्निकलचा वर्ग मागितला होता. गाव संस्थेच्या सचिवांचं. शेड उभी होती, व्हाइस होते, कानशी होत्या. लेथ नव्हता. लेथ असल्याशिवाय तपासणी समिती मान्यता देणार नव्हती. कडेगावच्या शाळेची तपासणी दिवाळीआधीच होऊन गेली होती.

सचिवांनी मला बोलावून चहा पाजला आणि कडेगावचा लेथ समितीपुरता साताऱ्याला न्यायला सांगितलं.

"तुम्ही डिप्लोमावाले फार घाबरता हो," ते म्हणाले. "समिती येते, मशीन बघते, जेवते, जाते. त्याच्यावर काय शाळेचं नाव कोरलंय? मान्यता येऊ द्या, नवीन घेऊच की."

"परीक्षा जवळ आलीय, सर."

"चार दिवसांत परत. माझ्या शब्दावर."

मी नाही म्हणालो नाही. माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती हे एक. दुसरं म्हणजे साताऱ्याकडच्या पोरांनाही वर्ग मिळावा असं मला मनापासून वाटत होतं. दोन्ही खरं आहे. कशाचं वजन जास्त होतं, ते आता मला सांगता येत नाही.

मी कडेगावला जाऊन मास्तरांना सांगितलं. ते लेथ पुसत होते.

"आवं सायेब, हे मशीन हाय का वरातीतलं घोडं? आज ह्या गावात नाचवायचं, उद्या त्या गावात?"

"वरून आदेश आहे, मास्तर."

"वरून म्हंजी? ढगातनं?"

पोरं हसली. मीही हसलो. मग मास्तरांनी हातातलं फडकं खुंटीला अडकवलं आणि एका पोराला पाना आणायला सांगितलं.

नट गंजलेले होते, सुटेनात. शेवटी बोल्ट करवतीनं कापावे लागले. कारखाना जोरात चालू होता, ट्रक मिळाला तो उसाचाच. पाइपांवरून ढकलत, साखळीनं ओढत लेथ वर चढवला. रस्त्यात कुणाच्या डोळ्यांत येऊ नये म्हणून वरून मोळ्या रचल्या. कऱ्हाडच्या नाक्यावर रस्त्यावरच्या पोरांनी मागून ऊस उपसला तेव्हा लेथ उघडा पडेल म्हणून ड्रायव्हर घाबरून शिव्या देत होता. मी पुढं केबिनमध्ये बसलो होतो.

समिती आली. नव्या शेडमध्ये अजून वीजही नव्हती. वीजकपात आहे असं आम्ही सांगितलं. त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ लेथभोवती फिरले. लांब स्क्रूच्या आट्यांत उसाच्या पाचटाची एक पात अडकली होती. त्यांनी ती दोन बोटांनी ओढून काढली, माझ्याकडे पाहिलं आणि खाली टाकली.

"मशीन चांगलं आहे," ते म्हणाले.

मान्यता मिळाली.

लेथ मात्र चार दिवसांत परत गेला नाही. ट्रकवाल्यांना उसाच्या खेपा सोडवेनात, समितीचं पत्र हातात येईपर्यंत लेथ हलवायची सचिवांना धास्ती. तिकडं कडेगावात पोरं रिकाम्या चौथऱ्याभोवती बसून वहीत लेथची चित्रं काढत होती. परीक्षा अगदी तोंडावर आल्यावर लेथ पोहोचला. जुने बोल्ट कापलेले. नवीन घालायचे तर चौथरा फोडून सिमेंट ओतायचं, ते मुरू द्यायचं, मग पाणसळ लावायची. मास्तरांनी त्याच दिवशी सिमेंट ओतलं.

"सिमेंटला पाणी पाजायचं आन् गप बसायचं," मास्तर म्हणाले. "सुकल्याबिगर चालू केलं की बसला पाय खाली."

पण पोरांचा सराव बुडाला होता. सचिवांचा निरोप आला: मशीन लगेच चालू करा. तो निरोप पोहोचवायला मीच गेलो. मास्तरांनी पट्टा चढवला आणि मशीन चालू केलं. दोन-तीन दिवसांतच एक पाय खाली बसला.

नंतरच्या रविवारी ते सांगलीला माझ्या घरी आले. रुमालात पोरांचे जॉब बांधून आणले होते. बायकोनं पोहे केले, त्यांनी खाल्ले नाहीत. एकेक जॉब मायक्रोमीटरमध्ये धरून मला दाखवत गेले. डोळ्याला काही दिसत नव्हतं. मापात एक टोक जाड येत होतं, सगळ्यांचंच.

"तुमच्या त्या पोराचाही?" मी विचारलं.

"त्याचापण. त्यानं पॉलिश पेपर मारून फरक काढायला बघितला. पर परीक्षक आंधळा असतोय व्हय? सायेब, बोर्डाला कळवा. तारीख पुढं ढकलून घ्या. न्हाईतर दुसऱ्या शाळेत परीक्षा लावा. पोरं चांगली हायत."

"बघतो," मी म्हणालो.

अर्ज करायचा तर कारण द्यावं लागणार. मशीन का बिघडलं? हलवलं म्हणून. का हलवलं? तिथं पोहोचलं की दोन्ही शाळांची मान्यता जाणार. कडेगावचं परीक्षा केंद्र रद्द झालं तर पोरांचं वर्षच जाणार. मी कागद पुढं घेऊन बसलो होतो. कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी पोरांचंच नुकसान दिसत होतं. मी काही लिहिलं नाही. न लिहिण्यात माझंही बरं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

परीक्षेला कोल्हापूरकडचे परीक्षक आले. अबोल, शिस्तीचे. पत्र्याच्या शेडमध्ये उकडत होतं, तरी कोट काढला नाही. प्रत्येक जॉब दोन्ही टोकांना मोजत आणि ठेवून देत. विट्याकडच्या त्या मुलाचा जॉब त्यांनी दोनदा मोजला.

"दिसायला छान आहे," ते म्हणाले. "पण हात बसलेला नाही."

मुलगा समोरच उभा होता. कान लाल झाले त्याचे.

आणखी काही जॉब मोजल्यावर परीक्षक थांबले, वाकले आणि लेथच्या पायाशी बोट लावलं.

"हे सिमेंट नवीन दिसतंय. मशीन हलवलं होतं का?"

मी बाजूलाच होतो. मास्तर पलीकडे. पोरं सगळी ऐकत होती. पण लेथ साताऱ्याला कशाला गेला होता, ते पोरांना माहीत नव्हतं. मास्तरांच्या घोड्यावर ती हसली तेवढंच; दुरुस्तीला नेलाय असं आम्ही नंतर सांगितलं होतं, आणि परीक्षकासमोर मध्ये बोलायची कुणाची छाती नव्हती.

"नाही," मी म्हणालो. "घुशींनी पोखरलं होतं. बुजवून घेतलं."

परीक्षकांनी मास्तरांकडे पाहिलं.

"व्हय सायेब," मास्तर म्हणाले. "संस्थेत घुशी लय झाल्यात."

परीक्षकांनी पुढचा जॉब उचलला. मास्तरांनी मला वाचवलं की चारचौघांत माझं माप काढलं, हे मला त्या दिवशी कळलं नाही. आता वाटतं, दोन्ही केलं.

निकालात टेक्निकलची निम्मी पोरं प्रॅक्टिकलला नापास झाली. बाकीची कशीबशी निघाली. विट्याकडचा मुलगा पास झाला, पण डिप्लोमाला लागणारे मार्क पडले नाहीत. चुलत्यानं त्याला दक्षिणेत नेलं. पालक शाळेवर चालून आले तेव्हा सचिव व्हरांड्यात उभे राहून म्हणाले, "शिकवणाराच झोपा काढत असेल तर संस्थेनं काय करायचं?" पालकांनी मास्तरांना झोपलेलं पाहिलंच होतं. मी सचिवांच्या मागे उभा होतो.

मास्तरांना पुढच्या वर्षी घ्यायचं नाही असं ठरलं, आणि हेही सांगायला मलाच पाठवलं. ते अंगणात म्हशीला पाणी दाखवत होते.

"तुम्ही खरं का सांगत नाही लोकांना?" मी विचारलं. हे विचारण्याचा मला काय अधिकार होता कोण जाणे.

"मी सांगू? पट्टा कुणी चढवला? मीच की. फौजेत हुकूम पाळला तर माणूस सुटतंय, सायेब. हितं हुकूम पाळणाराच अडाकतोय." मग बादली उपडी करून म्हणाले, "तुमी या आता. ऊन वाढलं."

नवीन लेथ दोन्हीकडे कधीच आला नाही. मी कायम झालो, पुढं रीतसर निवृत्त झालो.

विट्याकडचा तो मुलगा आता साठीपलीकडे गेलाय. मागच्या वर्षी नातीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला सांगलीला घरी आला होता. अंगठ्या घातलेली बोटं, हसरा चेहरा. माझ्या सुनेला सांगत होता, "फौजी मास्तरनं घात केला आमचा. त्यो झोपायचा, आमी लेथवर खेळायचो. न्हाईतर मी पण सरांसारखा सायेब झालो असतो." सून हसली. मी चहाचा कप धरून बसलो. पुन्हा मान हलवली असती, पण ह्या वेळी ती हललीच नाही.

तो परत गेल्यावर बरेच दिवस घालवून मी फोन केला. ट्रक, मोळ्या, सिमेंट, घुशी, सगळं सांगितलं. मागं दुकानात कुणीतरी तिकडच्या भाषेत बोलत होतं.

"म्हंजी सर, माझा हात..."

"चांगला होता."

"तवाच का न्हाई सांगितलासा?"

केंद्र रद्द झालं असतं, तुमचं वर्ष गेलं असतं, हे उत्तर माझ्याजवळ कधीचं तयार होतं. ते दिलं.

"व्हय. ते बी बरोबर हाय," तो म्हणाला. त्यानं भांडावं अशी माझी अपेक्षा होती. भांडला नाही.

मग त्यानं विचारलं, "मास्तरांच्या घरी कोण असतंय आता?"

मला माहीत नव्हतं. त्या उन्हाच्या दिवसानंतर मी त्या अंगणात गेलो नव्हतो.

"जत्रंला गावाकडं आलो की जाऊन येतो मी," तो म्हणाला. "पर सर, जाऊन काय सांगू?"

मी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. मग दुकानात कुणीतरी त्याला हाक मारली आणि "ठेवतो सर" म्हणून त्यानं फोन ठेवला.