ढाबळीतले किडे

लग्नानंतर दोन वर्षांनी आम्ही शिवाजी पेठेत भाड्याच्या खोल्यांत राहायला आलो. खाली घरमालक काका-काकू, वर दोन खोल्यांत आम्ही तिघं: मी, नवरा आणि दहा महिन्यांची मुलगी. नवरा शिरोलीच्या एका फौंड्रीत होता. सकाळी सातला जायचा, संध्याकाळी काळवंडून परत यायचा.

तीन-चार महिने बरे गेले. मग उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी मुलीला अंघोळ घालताना तिच्या काखेत आणि कमरेभोवती लाल फोड दिसले. दोन दिवसांत माझ्याही मानेवर आले, नवऱ्याच्या पोटावर आले. खाज अशी की रक्त निघेपर्यंत हात थांबायचा नाही. डॉक्टरांनी बघितलं न बघितल्यासारखं करून खरूज सांगितली. सगळ्यांनी मानेपासून तळपायापर्यंत औषध चोपडलं. पोरगी जळजळून रडली. फोड तसेच.

मी कॉट उलटी केली, सांध्यासांध्यांत रॉकेल ओतलं, चादरी उकळत्या पाण्यात टाकल्या. ढेकूण एकही सापडला नाही. पण काकूंनी निकाल देऊन टाकला होता.

"आमच्या घरात उभ्या जन्मात ढेकूण न्हवता. तुझ्या गादीतनंच आल्यात ती."

गादी माझ्या माहेरची होती. माहेर सीमेवरच्या खेड्यात, बोलणं अर्धं कानडी. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, आमच्याच रानातला कापूस पिंजून घेऊन ती स्वतः भरली होती, स्वतः टाके घातले होते. मी नवऱ्याला म्हणाले, "गादीत काही नाही. मी उसवून बघितलीय." तो म्हणाला, "बघू." आणि रविवारी मी मुलीला घेऊन दवाखान्यात गेले असताना काकूंच्या सांगण्यावरून त्यानं ती गादी मागच्या पडीक जागेत नेऊन जाळली. मी परत आले तेव्हा धूर निघत होता. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"गेली बला," त्या म्हणाल्या.

मी तेव्हा काही बोलले नाही. त्याचा राग मला आजही येतो, त्यांच्यापेक्षा स्वतःचाच जास्त.

गादी जळाली आणि फोड वाढले. आता काकूंनी गल्लीत सांगायला सुरुवात केली की वरची बाई अंघोळ करते की नाही देव जाणे. हळदीकुंकवाला बोलावलं म्हणून गेले, तर पाच-सहा बायकांसमोर त्यांनी मला उंबऱ्यावरच अडवलं. "तू तिथंच पायरीवर बस गं. सतरंजी नवी हाय." एक जण तोंडावर पदर धरून हसली. मी मुलीला काखेत घेतलं, कुंकू न लावता वर आले आणि दार लावून घेतलं.  मग मी पांढरे कागद काढले.

बारावीपर्यंत मी विज्ञान शिकले होते. चावतंय ते दिसायला हवं, एवढं मला कळत होतं. कॉटखाली, कपाटामागे, खिडकीत, सगळीकडे मी कागद पसरून ठेवले. बाकीचे कोरे राहिले. फक्त कॉटच्या डोक्याशी, वरच्या झरोक्याखाली ठेवलेल्या कागदावर दुसऱ्या दिवशी सकाळी राखेचे कण पडल्यासारखे दिसले. मी वाकून बघितलं. कण चालत होते. एकाला नखानं दाबलं, तर लाल ठिपका उमटला.

सेलोटेपला दहा-बारा चिकटवले आणि मुलीला कडेवर घेऊन थेट एका कॉलेजात गेले. ओळख कुणाचीच नव्हती. प्राणिशास्त्राच्या बाईंनी टेप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि म्हणाल्या, "आठ पाय आहेत. ढेकणाला सहा असतात. हे गोचिडीच्या जातीतले बारीक किडे, पाखरांच्या अंगावरचे. घरात कोंबड्या आहेत?"

"नाहीत. घरमालकांची कबुतरं होती गच्चीवर. पण ती महिन्यापूर्वीच दिली."

"मग बरोबर आहे. पाखरं गेली, किडे उपाशी राहिले. मिळेल त्याला चावणार."

काकांना दमा होता. डॉक्टरांनी बजावलं म्हणून त्यांनी कबुतरं हुपरीच्या पाव्हण्यांना देऊन टाकली होती. त्यांच्या खुराड्यांची लाकडी ढाबळ मात्र मोडणं जिवावर आलं म्हणून तशीच ठेवली होती, आमच्या झरोक्याच्या बरोबर वर. मी रस्ताभर चालत आले ते दातावर दात धरून.

ढाबळ काढा म्हटलं, तर काका ऐकेनात. "कबुतरं जाऊन म्हैना झाला की! आता कुठनं यायची किडं? लक्ष्मी असती ती, तिच्यावर आळ घेऊ नगंस."

माझ्या गादीवर आळ चालला, कबुतरांवर नाही. मी गच्चीवर गेले, काकूंच्याच दोरीवरची त्यांची पांढरी चादर ओढली, ढाबळीखाली अंथरली आणि फळकुटानं ढाबळ बडव बडव बडवली. विष्ठेची धूळ, पिसं आणि राखाडी कण चादरीवर पडले. चादर चारही कोपऱ्यांनी धरून खाली आणली आणि काकूंच्या त्या नव्या सतरंजीवर पसरली.

"बघा! कुणाची हायत ही?"

कण सतरंजीभर धावायला लागले. काकू किंचाळून स्टुलावर चढल्या. काका खाली वाकले, नीट निरखून उठले आणि कुऱ्हाड घेऊन वर गेले. ढाबळ फोडताना ते रडत होते. मला कीव आली नाही. माझ्या हातांवर किडे चढले होते. ते मी गरम पाण्यानं धुतले.

नवऱ्यानं झरोक्याला बारीक जाळी मारली, भिंतीच्या फटी चुन्यानं बुजवल्या. पंधरा दिवसांत फोड थांबले. तो एकदा म्हणाला, "चुकलं माझं." मी म्हटलं, "व्हय." पुढं आमचा संसार झाला, बराही झाला, पण त्या दिवशी त्याला बरं वाटेल असं मी काही बोलले नाही.

काकूंचं मला सगळ्यात जास्त लागलं ते नंतरचं. त्याच बायकांना त्या आता सांगायच्या, "कबुतराचं किडं हो, मला पैल्यापास्नंच वाटत हुतं." तितक्याच सहज, हसून.

सहा महिन्यांनी आम्ही घर सोडलं. टेम्पो भरून झाला तेव्हा काकू बाहेर आल्या, मुलीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "काय चुकलं-माकलं असलं तर पोटात घाल गं."

मी विचारलं, "काय चुकलं, ते सांगा की आधी."

त्या माझ्या नवऱ्याकडे बघायला लागल्या. तो माझ्याकडे बघायला लागला. मी थांबले, खरंच थांबले, त्यांना बोलायला पुरेल इतका वेळ.  मग मी मुलीला घेऊन ड्रायव्हरशेजारी बसले आणि दार ओढून घेतलं.