मेकॅनिक परत आला का?

नागपूर स्टेशनवर बाबांनी माझी बॅग बर्थखाली सारली, तिला साखळी लावली, साखळी दोनदा ओढून पाहिली आणि समोर बसलेल्या अनोळखी काकूंना सांगितलं, "दोन वर्षांसाठी जाऊन राहिली बेंगळुरूला. मग येते परत." काकूंनी काहीच विचारलं नव्हतं. त्याआधी हमालाला, चहावाल्याला आणि टीसीलाही हेच सांगून झालं होतं. आई खिडकीशी उभी होती. "दोनच ना गं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "हो गं, दोनच." दुपारची गाडी वेळेवर सुटली. मी रडले नाही. खरं तर कधी एकदा गाडी हलते असं मला झालं होतं, आणि हे मी आज पहिल्यांदाच कबूल करते आहे.

त्याला बारा वर्षं झाली. तुम्ही जे नागपुरातच राहिलात आणि जे माझ्यासारखे कुठेकुठे निघून गेलात, त्या सगळ्यांना हा हिशेब ठाऊक असेल. दोन वर्षांची चार होतात, मग आपणच विषय काढायचं सोडतो.

मी बेंगळुरूच्या पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात क्वालिटीत आहे. दिवसभर गिअर मोजते. बेंगळुरूला गेली म्हणजे काचेच्या इमारतीत गेली अशी आमच्या गल्लीची समजूत, आणि मी ती मोडली नाही. राहते बसवनगुडीत, वरच्या मजल्यावर. खाली घरमालकीण अक्का. जिन्यात भेटली की "ऊटा आयता?" विचारते, म्हणजे जेवलीस का. सुरुवातीला मी प्रामाणिकपणे काय जेवले ते सांगायचे. ते नुसतं विचारायचं असतं हे कळायला वर्ष गेलं. आता मीही विचारते. मेट्रोच्या ग्रीन लाइनने कामावर जाते, रिक्षावाल्याला 'स्वल्प पुढे' म्हणते, आणि नागपूरला फोनवर चुकून 'बरं'च्या जागी 'सरी' म्हणाले की पलीकडून बाबा "काय म्हणाली?" विचारतात. लग्नाचा विषय इथे नको, त्यावर गल्लीत पुरेसं बोलून झालेलं आहे.

आई तीन वर्षांपूर्वी गेली. चार दिवसांच्या आजारात. मी पोचले तेव्हा ती बोलत नव्हती. तेरा दिवस राहिले आणि परत आले. तेव्हापासून बाबा त्या घरात एकटे आहेत.

यंदा नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एका कारखान्यातून मला नोकरीचं पत्र आलं. काम हेच, पगार जवळपास हाच, बाबांच्या घरापासून बसने पाऊण तास. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं. नाही म्हणायला एकही कारण नव्हतं, एवढंच की मला जायचं नव्हतं. मला इथलं माझं काम आवडतं, माझी खोली आवडते, कोणी ओळखत नाही अशा रस्त्याने चालायला आवडतं. पण बाबा वाट पाहत असणार, आणि शब्द मी दिला होता. आठवडाभर मला अन्न गोड लागेना.

शनिवारी चहाच्या सुट्टीत आमचे महांतेश अण्णा म्हणाले, "मग जाणार काय मॅडम?" अण्णा निपाणीचे, मशीन शॉपचे फोरमन; पत्राचं मी फक्त त्यांना सांगितलं होतं. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि रागावले की दोन्ही एकदम. मी त्यांना सरळ उत्तर द्यायचं टाळलं आणि लहानपणच्या एका मालिकेची गोष्ट सांगत बसले.

मी नऊ वर्षांची असताना रविवारी सकाळी टीव्हीवर एक जुनी इंग्रजी मालिका लागायची. एक अंतराळयान, दर वेळी नवा ग्रह, आपोआप सरकणारे दरवाजे. बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते आणि गल्लीतला पहिला रंगीत टीव्ही आमचा. पंधरा-वीस माणसं चटईवर बसायची. इंग्रजी कोणालाच कळायचं नाही, म्हणून बाबा टीव्हीशेजारी स्टुलावर बसून चालू चित्राबरोबर सगळं मराठीत सांगायचे. त्यांच्या तोंडी कप्तान अगदी नागपुरी व्हायचा. "काहून रे, दरवाजा काहून उघडा ठेवला?" असं तो परग्रहावरच्या लोकांना विचारायचा.

एका भागात यान एका मेकॅनिकला उजाड, तुरळक वस्तीच्या ग्रहावर सोडतं. तिथला संदेश पाठवायचा टॉवर बंद पडलाय, तो दुरुस्त करायचा, दोन महिन्यांत न्यायला येतो म्हणतात. येतात सोळा वर्षांनी. टॉवरची दुरुस्ती म्हणजे बाबांचंच काम, त्यामुळे त्या दिवशी ते स्टुलावरून उठून उभं राहून सांगत होते. शेवटी, बाबांच्या सांगण्यात, कप्तान म्हणतो चल, मेकॅनिक हत्यारांची पेटी उचलतो, यानात बसतो, यान उडतं. बाबांनी वर जोडलं, "अन् घरी दारात त्याची आई उभी होती." सगळ्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. आईने पदर डोळ्यांना लावला. पुढे कोणाचा मुलगा शिकायला किंवा नोकरीला बाहेर निघाला की आमच्याकडे म्हणायचे, मेकॅनिकही परत आला होता.

अण्णा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "न्हाई हो मॅडम. त्यो काय परत येत न्हाई बघा."

मी म्हटलं, येतो. ते म्हणाले, पैज लावा की. त्यांनी ही मालिका पुन्हा पुन्हा पाहिलेली, सगळे भाग फोनमध्ये. जेवणाच्या सुट्टीत डबे बाजूला सारून आम्ही तो भाग लावला. मेकॅनिक कप्तानाला स्वतः टाकलेली पाण्याची लाइन दाखवतो. तिथल्या माणसांची नावं सांगतो. मग स्पष्ट म्हणतो की माझं काम इथे आहे, मी इथेच राहतो. घरच्यांसाठी एक पत्र देतो. यान उडतं, धुळीत पाठमोरा एक माणूस उभा राहतो, थोडा वेळ वर पाहतो आणि आत निघून जातो.

तो पाठमोरा माणूस मला आठवत होता. बाबांनी तेव्हा सांगितलं होतं, "हा नवा आला. पहिल्याची बदली झाली ना, त्याच्या जागी." आमची गल्ली सरकारी नोकरांची. बदली म्हटल्यावर कोणाला शंका येणार?

मला बाबांचं हसू आलं. बिचाऱ्यांना इंग्रजी कळलं नसेल आणि त्यांनी वेळ मारून नेली असेल. रविवारी सकाळी फोन केला तो असाच, चिडवायला. हिंगण्याचं पत्र काढायचा धीर व्हावा म्हणूनही.

बाबा चिडले. "मले इंग्रजी कळत नाही? खात्यातले सगळे सर्क्युलर कोण वाचून सांगायचं? सगळं कळलं होतं मले. राहिला तो तिथं."

"मग असं काहून सांगितलं?"

"तुझी आई दारात उभी होती. तिनं विचारलं, आला का हो तो? शंकरला जाऊन दहा वर्षं झाली होती तेव्हा. काय सांगू मी तिले?"

शंकरमामा आईचा धाकटा भाऊ. सुरतेला कामाला गेला तो गेलाच. पत्र नाही, पत्ता नाही. मी त्याला फक्त फोटोत पाहिलेलं.

मग बाबा आपणहून म्हणाले, "तुझंही विचारायची. दर दिवाळी झाली की. येते का हो ती? मी म्हणायचो, येते, पुढच्या वर्षी नक्की. दवाखान्यातही विचारलं तिनं. तेव्हाही येते म्हटलं."

मला वाटत होतं बाबा माझी वाट पाहतात. बाबांनी वाट पाहिलीच नव्हती, त्यांनी नऊ वर्षं आईला सांभाळलं होतं, माझ्या शब्दावर, जो मी पाळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. मला आईची फार आठवण आली आणि स्वतःची लाज वाटली. आईला हे मी सांगायला हवं होतं, माझ्या तोंडाने. ती भांडली असती, चार दिवस बोलली नसती, आणि मग कदाचित एकदा इथे येऊन माझी खोली पाहून गेली असती. ते आता व्हायचं नाही.

मी पत्राचं सांगितलं. कारखाना, पगार, पाऊण तास, सगळं. मग मी म्हटलं, "बाबा, मी परत येणार नाही. मला इथेच राहायचं आहे."

एवढ्या वाक्यापर्यंत यायला मला बारा वर्षं लागली. बोलायला चार सेकंदही लागले नाहीत.

पलीकडे बाबांनी नाक शिंकरलं. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलं. आता मले कोणापाशी खोटं बोलायचं काम नाही."

मी रडत होते. त्यांना कळलं असणार, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. सोमवारी सकाळी मी हिंगण्याला नकार कळवून टाकला आणि कामाला लागले. संध्याकाळी त्यांचाच फोन आला.

"चार दिवस तरी येशील ना दिवाळीत?"

"येईन."

"नक्की असेल तर सांग. तुझी गादी उन्हात टाकावी लागते."

"नक्की, बाबा."

मी दुसऱ्या दिवशी नागपूरला जायचं आणि बेंगळुरूला परत यायचं, दोन्ही तिकिटं काढली आणि त्यांना दोन्ही तारखा कळवल्या. परत यायची आधी.