पुस्तिका खरी की प्रोग्राम खरा

पुण्यात नारायण पेठेत एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. आम्ही रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. रक्ताच्या पिशव्या ज्या फ्रिजमध्ये ठेवतात, त्याचं तापमान सतत बघत राहायचं आणि काही बिघडलं की तिथल्या माणसाला सावध करायचं, हे त्याचं मुख्य काम. मी प्रोग्राम लिहीत नाही, प्रोग्रामविषयी इंग्रजीत लिहिते. तो कसा बसवायचा, कसा वापरायचा, अडला तर काय करायचं. या सगळ्याची मी पुस्तिका करते. तिला डॉक्युमेंटेशन म्हणतात, आणि ती वाचायची आमच्याकडे फारशी कुणाला सवय नव्हती.

त्यालाही कारण होतं. प्रोग्राम दर आठवड्याला थोडा थोडा बदलायचा. बदलणारे मला सांगायला विसरायचे आणि मी जुनंच जपत बसायची. आमचे सर, म्हणजे कंपनीचे मालक, एकदा मीटिंगमध्ये म्हणाले, "आपल्या डॉक्युमेंटेशनमध्ये इतिहास फार छान सांगितलाय. वर्तमानाचंही जमलं तर बघा." सगळे हसले. मीही हसले, पण ते लागलं.

अशात अमरावतीची एक मुलगी आमच्याकडे प्रोग्रामर म्हणून आली. तिशीची असेल. बोलायला मोकळी आणि कामाला वाघ. पहिल्याच महिन्यात पुस्तिका पाहून ती माझ्या टेबलाशी आली.

"ताई, तुम्ही एवढं लिहून ठेवलंय, पण ते रोज प्रोग्रामशी ताडून कोण पाहते?"

"कुणीच नाही."

"माणसाच्यानं होणारही नाही ते. आपण एक एआय एजंट लावू, म्हणजे दिलेलं काम आपणहून करत राहणारा एआय. तो प्रोग्रामही वाचेल, तुमची पुस्तिकाही वाचेल, आणि दोन्ही जुळत नाही तिथं आपल्याला सांगेल."

"आणि मग मी काय करू? मंडईत भाजी विकायला बसू?"

ती हसली. "तो विचारणार. ठरवायचं तुम्ही. तुमच्या होशिवाय एक अक्षर बदलणार नाही, तशीच सोय करते मी."

तिने केलीही. काही दिवसांनी सकाळी येऊन बघते, तर पहिला अहवाल माझी वाट बघत होता. शाळेत तपासून परत आलेला पेपर उघडावा, तसा मी तो उघडला. चुका पुष्कळ होत्या. जे बटण प्रोग्रामरांनी कधीच काढून टाकलं होतं, त्याचं मी रसभरीत वर्णन करून ठेवलेलं. एका ठिकाणी तर माझी दोन पानं एकमेकांच्या विरुद्ध बोलत होती.

पण वाचता वाचता माझा राग उतरत गेला. प्रत्येक शेऱ्याखाली पुरावा होता. पुस्तिकेतलं हे वाक्य, प्रोग्राममधली ही ओळ, फरक हा. कुठे टोमणा नाही, कुठे "बहुतेक असं असावं" नाही. जिथे त्याला कळलं नव्हतं, तिथे सरळ लिहिलं होतं, "याची मला खात्री करता आली नाही." इतक्या वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी मीटिंगमध्ये क्वचितच ऐकलं होतं.

मी एकेक दुरुस्ती मंजूर करत गेले आणि एका शेऱ्यापाशी थांबले. माझ्या पुस्तिकेत लिहिलं होतं की फ्रिजमधल्या तापमान मोजणाऱ्या सेन्सरची वायर निघाली तर स्क्रीन लाल होते आणि भोंगा वाजतो. एजंट म्हणत होता की आताच्या प्रोग्राममध्ये तसं होत नाही, वायर निघाल्यावरही शेवटचं तापमानच दिसत राहतं. पुढे त्याने लिहिलं होतं: "पुस्तिका बदलून हा फरक मिटवता येईल. पण हे वाक्य सुरक्षिततेविषयी आहे, आणि हा बदल कुणी ठरवून केल्याची नोंद मला सापडली नाही. इथे पुस्तिका बरोबर आणि प्रोग्राम चुकीचा असण्याची शक्यता आहे. कृपया माणसाने तपासावं."

मी तिला हाक मारली. ऑफिसच्या कोपऱ्यात चाचणीसाठी ठेवलेला एक फ्रिज आहे. आम्ही दोघी त्याच्यासमोर उभ्या राहिलो आणि तिने सेन्सरची वायर उपटली.

स्क्रीन हिरवीच राहिली. तापमान चार अंश. वायर तिच्या हातात, आणि स्क्रीनवर चार अंश.

"बाप्पा!" ती म्हणाली.

सरांना बोलावलं. त्यांनी वायर परत लावायला सांगितली, मग स्वतःच्या हाताने उपटली. स्क्रीन हिरवीच.  एरवी प्रत्येक गोष्टीवर शेरा तयार असणारे सर एवढंच म्हणाले, "बाकी सगळं बाजूला ठेवा."

तिने आणि इतर प्रोग्रामरांनी जेवणं टाकून चूक शोधली. स्क्रीन लुकलुकू नये म्हणून शेवटचं तापमान धरून ठेवायची एक जुनी दुरुस्ती होती, तिच्यातून ती शिरली होती. आम्ही बाकीच्यांनी रक्तपेढ्यांना फोन लावले: आपापल्या वायरी आत्ता तपासा, नवा प्रोग्राम पाठवतोय. कुठेही काही बिघडलं नव्हतं, हे एकेका फोनवर कळत गेलं तसा माझा जीव भांड्यात पडत गेला. एका रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ बाईंनी विचारलं, "कुणाच्या लक्षात आलं हो हे?"

"आमच्या एजंटच्या," मी म्हणाले.

त्यांना तो माणूसच वाटला. "त्यांना माझे धन्यवाद सांगा हं नक्की."

"सांगते," म्हणाले, आणि फोन ठेवून एजंटला खरंच टाईप करून सांगितले. अमरावतीकरीण बघत होती, पण हसली नाही.

तो कधी चुकतच नाही, असं नाही. पुढे एकदा त्याने माझं एक वाक्य काढून टाकायला सुचवलं: "फ्रिजची वीज बंद करण्याआधी ड्युटीवरच्या तंत्रज्ञाला तोंडी सांगा." प्रोग्राममध्ये याच्याशी संबंधित काहीच नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणणं खरं होतं, पण वाक्य जाऊ द्यायचं नव्हतं. मी नकार दिला.

"ताई, नुसतं नाही म्हणू नका. कारण लिहा," ती म्हणाली. काम सुरू करण्याआधी एजंट ज्या सूचना दर वेळी वाचतो, त्या तिने उघडून दिल्या. मी लिहिलं: "काही वाक्यं प्रोग्रामसाठी नसतात, फ्रिजसमोर उभ्या असलेल्या माणसासाठी असतात. ती प्रोग्राममध्ये शोधू नयेत."

पुढच्या अहवालात त्याने अशी वाक्यं वेगळी काढून ठेवली होती, हात न लावता. शिवाय एक नवा शेरा होता. सेन्सर एका फ्रिजमधून दुसऱ्यात हलवण्याच्या पानावरही तंत्रज्ञाला सांगण्याची सूचना हवी का? हवी होतीच. ती माझ्या कधी डोक्यातच आली नव्हती. मी खुर्चीत मागे टेकले आणि मोठ्याने "वा!" म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्याने वळून पाहिलं.

आता ताडून बघण्याचं काम माझ्याकडे नाही, त्यामुळे वेळ सापडतो. तो मी रक्तपेढ्यांमध्ये जाऊन घालवते. कुणी आमची स्क्रीन कशी वाचतं, कुठे अडतं, पुस्तिका न उघडता शेजाऱ्याला काय विचारतं, हे बाजूला बसून बघते. इतकी वर्षं मी ज्यांच्यासाठी लिहीत होते, त्यांना काम करताना मी कधी पाहिलेलंच नव्हतं. मागच्या खेपेला एका रक्तपेढीत तिथल्या तंत्रज्ञांनी सांगितलं, "इंग्रजी पुस्तिका कपाटात राहते मॅडम. फ्रिजवर चिकटवता येईल असं एक पान मराठीत द्या, मोठ्या अक्षरात."

ते पान सध्या लिहिते आहे. तेही एजंट प्रोग्रामशी ताडून बघतो आणि त्याच्या शंका चक्क मराठीत विचारतो. ऱ्हस्व-दीर्घ मात्र अधूनमधून चुकतो. ते मी तपासते.