यादीतलं दादाचं नाव

भूत-बित, करणी-बिरणी म्हटलं की मला हसू येतं. आमच्या अमरावतीच्या ऑफिसात सर्व्हरला हळद-कुंकू लावणारे लोक आहेत आणि त्यांची सगळ्यात जास्त टर उडवणारा मीच. तरी हे लिहायला बसलोय... कारण दुसरीकडे कुठे बोलावं, तेच सुचत नाही.

मी सॉफ्टवेअरवाला. गाव हिवरखेड, तेल्हारा तालुका. तिथे माझा मोठा भाऊ, दादा, भाजीपाला करायचा, त्यातही वांगी जास्त. रोज सकाळी सलीमभाईंचा टेम्पो वावरावावरांतून, म्हणजे शेताशेतांतून, भाजीने भरलेले प्लास्टिकचे कॅरेट गोळा करतो आणि अकोल्याच्या मंडईत नेतो. आधी सलीमभाई प्रत्येकाला फोन लावून विचारायचे, "माल हाये का?" म्हणून मी एक साधं ॲप करून दिलं. शेतकऱ्याने पहाटे ॲपमध्ये मालाची नोंद टाकायची, की सलीमभाईंच्या मोबाइलवर यादी येते. ज्याचं नाव नाही, त्याच्या वावराकडे टेम्पो वळत नाही.

आता थोडं तांत्रिक, कंटाळू नका. तिकडे रेंज आली तर आली. म्हणून मी कॅश ठेवली होती. म्हणजे यादीची एक नक्कल फोनमध्येच राहते, खिशातल्या चिठ्ठीसारखी, दरवेळी सर्व्हरला विचारायला नको. पण ती चिठ्ठी शिळी कधी समजायची, हे आपण ठरवायचं असतं. मी ठरवले चोवीस तास. आळस, दुसरं काय! वेळ कमी ठेवला की "ॲप अटकते" म्हणून फोन यायचे.

दादा बोलला होता. "काहून रे, तुयं ॲप कधी कधी कालचंच दाखवून राहिलं. पाय ना एकदा."

"रविवारी पाहतो," मी म्हणालो. असे तीन रविवार गेले.

मग एक दिवस तो माझा नवा फ्लॅट पाहायला अमरावतीला आला. वांगी, संभार म्हणजे आपली कोथिंबीर, सगळं पिशवीत कोंबून. दिवसभर राहिला, लिफ्टला नावं ठेवली, संध्याकाळी परत गेला. त्या दिवशी त्याचा माल नव्हता, म्हणून यादीत नावही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वावरात गेला आणि छातीत कळ येऊन वांग्यातच पडला. सलीमभाईंच्या फोनवर कालचीच यादी होती. बाकीच्यांचा माल रोजच्यासारखाच, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. टेम्पो आमच्या फाट्यावरून सरळ निघून गेला. अकरा वाजता वहिनी डबा घेऊन गेली, तेव्हा तिला दादा दिसला. अकोल्याला नेईपर्यंत श्वास होता. डॉक्टर एवढंच म्हणाले, "दोन तास आधी आणायला पाहिजे होतं."

गावात सगळे म्हणाले, बिचाऱ्याने नोंदच टाकली नसेल. सलीमभाई तर माझ्या गळ्यात पडून रडले, "भाऊ, नाव नव्हतं ना यादीत..." मी सर्व्हर उघडून पाहिलं. नोंद होती. पहाटे पाच पन्नास, वांगे, तीन कॅरेट. मी लॅपटॉप मिटला आणि गप्प बसलो. भेकड आहे मी, लिहा तसं खाली कमेंटमध्ये.

तेरवी झाली. मी दादाचं खातं डेटाबेसमधून काढलं. सर्व्हरवरची कॅश साफ केली. सलीमभाईंच्या फोनमधलं ॲप काढून माझ्या हाताने नव्याने टाकलं. दादाचा मोबाइल बंद करून अमरावतीला घेऊन आलो, तो माझ्या कपाटात होता. हे सगळं नीट सांगतोय, कारण पुढे तुम्ही हेच विचारणार.

आठवड्याभराने सकाळी सलीमभाईंचा फोन आला. आवाज बारीक झालेला.

"भाऊ, दादाचं नाव आलं यादीत. वांगे, तीन कॅरेट."

माझ्या तोंडातून काय निघालं? "जुनं असन सलीमभाई. शिळा डेटा हाये. तुमी जा पुढं."

ते म्हणाले, "नाई भाऊ. त्या दिवशी बी यादी पाहूनच पुढं गेलतो मी. आज नाई जात."

ते वावरात गेले. वहिनी धुऱ्याजवळ, शेताच्या बांधाशी बसली होती, पाय धरून. पिकून चाललेली वांगी पाहवत नाहीत म्हणून कोणाला न सांगता एकटीच आली होती, मोबाइल घरी. साप घोट्याला डसला होता. उठायला गेली तर डोळे झाकून येत होते. सलीमभाईंनी अर्धा माल तिथेच उतरवून तिला टेम्पोत निजवलं. वेळेवर इंजेक्शन मिळालं. वाचली.

सलीमभाईंनी यादीचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. आमच्या ॲपमध्ये नावाखाली बारीक अक्षरात नोंदीची तारीख आणि वेळ येते, एरवी ती कोणी वाचत नाही. तारीख त्याच दिवसाची होती, वेळ पाच पन्नास. कॅश जुनं दाखवते हो, पण आजची तारीख घालून कशी दाखवेल? सर्व्हरच्या लॉगमध्ये काही नाही. वेळेचं सेटिंग तपासलं, फोन तपासला, दोन मित्रांना कोड दाखवला. कुठेच चूक सापडली नाही.

वहिनी घरी आल्यावर मी हिवरखेडला गेलो. ती म्हणाली, "भाऊजी, तुमच्या ॲपनं वाचवलं मले." मग मात्र राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं... चोवीस तास, तीन रविवार, सगळं.

तिने विचारलं, "म्हंजे त्यायनं त्या दिवशी लिवलं होतं?"

"हो वहिनी."

"अन् मी इतके दिवस त्यायलेच बोल लावून राहिली होती. एक बटन नाई दाबता आलं तुमाले, असं म्हणून त्यायच्या फोटोसमोर भांडत होती मी रोज!" आणि ती रडायला लागली. दादा गेल्यावरही अशी रडली नव्हती.

मग डोळे पुसून म्हणाली, "माफ नाई करू शकत मी तुमाले. आज तरी नाई. पण जेवून जा."

मी जेवलो. ती समोर बसून वाढत होती. त्या सकाळची नोंद कुठून आली, मला आजही माहीत नाही. कोणाला काही सुचलं तर जरूर सांगा... फक्त "जुना डेटा असेल" असं म्हणू नका. ते मी एकदा म्हणून चुकलोय. सलीमभाईंनी ऐकलं असतं तर आज वहिनीही नसती.