मेघाची पाठवणी आणि ॲक्सिलरेटरची केबल

या ग्रुपवर मी रोज येतो, पण खरं सांगायचं तर मजा म्हणून. पिंपळाखालची बाई, मागून हाक मारणारा माणूस... चहासोबत वाचायला बरं वाटतं. माझा धंदाच असा आहे की त्यात भुताखेतांना जागा नाही. बुऱ्हाणपूरला माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे, आणि त्याआधी बारा वर्षं गॅरेजात हात काळे केलेत. गाडी बंद पडली तर त्याला कारण असतं आणि चालली तरी कारण असतं, हे मी शिकायला येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगतो. म्हणून हे लिहायला वर्ष गेलं. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं, मी पण हसलो असतो.

आधी थोडं गाडीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आजकालच्या गिअरवाल्या गाडीत मी नवीन माणसाला ॲक्सिलरेटरला पाय लावूच देत नाही. पहिला गिअर टाका, क्लच हळूहळू सोडा... गाडी मुंगीच्या चालीनं आपोआप निघते. आत कॉम्प्युटर असतो ना. क्लच सोडला की इंजिनावर वजन येतं आणि त्याचे फेरे कमी व्हायला लागतात. सेन्सर ते सांगतो आणि कॉम्प्युटर तिथल्या तिथे थोडी हवा, थोडं पेट्रोल वाढवून देतो. इंजिन सावरतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत हे सांभाळणारं कोणीच नाही. तिथे पाय तुमचा, अक्कल तुमची. पाय चुकला की एक गचका आणि गाडी बंद.

माझ्या थोरल्या भावाची, दादाची गाडी अशीच कार्बोरेटरची. पाटबंधारे खात्यात बाबू होता तो. ऑफिस सायकलवर आणि गाडी फक्त रविवारी, असा त्याचा हिशेब. त्याची एक खोड होती — गाडी उचलायच्या आधी दोनदा रेस द्यायचा. घुंऽ... घुंऽ... आणि मग क्लच सोडायचा. मी वैतागायचो, "अरे दादा, पेट्रोल जळतं उगाच!" तो म्हणायचा, "तिला सांगतो रे, आता निघायचंय म्हणून." मेघा, त्याची एकुलती एक लेक, लहानपणापासून हे बघत आलेली. आजारपणात त्यानं तिला शब्द दिला होता की तुझी पाठवणी माझ्याच गाडीतून करीन. त्यानंतर दोन महिन्यांनी दादा गेला.

मागच्या माघात मेघाचं लग्न झालं. मुलगा शाहपूरचा, केळीचा बाग असलेलं चांगलं घर. त्यांनी नवीकोरी गाडी फुलांनी सजवून आणली होती. पण मेघा अडून बसली — मारुतीपर्यंत बाबांच्याच गाडीतून जाईन, पुढे तुमच्या.

आता हे मारुतीपर्यंत म्हणजे काय, तर आमच्या लोधीपुऱ्यातल्या गल्लीची रीत. पाठवणीची गाडी घरापासून गल्लीच्या टोकाच्या मारुतीच्या देवळापर्यंत अगदी पायी माणसाच्या चालीनं न्यायची. चाकाखाली नारळ, भावांनी मागून नावापुरता धक्का द्यायचा, बाया दोन्ही बाजूंनी चालणार. आणि तेवढ्या वाटेत गाडी बंद पडता कामा नये. पडली तर मुलीला उतरवून पुन्हा घरात नेतात, पुन्हा ओवाळतात, आणि पुढे महिनाभर गल्लीत दुसरा विषय नसतो. नवऱ्या मुलाची आत्या तर आधीच म्हणून मोकळी झाली होती, "बिना बाप की लडकी, उपर से ये खटारा. रस्ते में रुक गई तो?"

वहिनीनं ते ऐकलं. मला बाजूला बोलावून म्हणाली, "भाऊजी, माझं काही नाही हो. पण पोरीले कोनी नाव नाही ठेवलं पाहिजे. आज तरी नाही."

"वहिनी, गाडी मी चालवतोय," मी छाती फुगवून म्हणालो. "पंचवीस वर्षं झाली या धंद्याला."

फुशारकी नव्हती ती. आठवडाभर मी त्या गाडीवर काम केलं होतं. प्लग, पॉइंट, कार्बोरेटर, सगळं साफ. सकाळी चालवूनही पाहिली होती. पॅडलपासून कार्बोरेटरपर्यंत जाणाऱ्या ॲक्सिलरेटरच्या केबलकडे मात्र बघायचं राहिलं, ही माझी चूक.

चार वाजता पाठवणी. लख्ख ऊन. मागच्या सीटवर मेघा आणि जावईबापू, माझ्या बाजूला मेघाची मावशी. मेघा इतकी रडत होती की मलाच पुढचं दिसेना. चुलतभावांनी धक्का दिला, नारळ फुटला, भाऊ मागे थांबले, आणि गाडी निघाली. घरापासून मारुती म्हणजे चारेकशे पावलं. पहिली शंभर मस्त गेली. मधला स्पीड ब्रेकरही चढून उतरली. बायांनी खिडकीतून हात आत घालून मेघाच्या गालावरून फिरवले. मी क्लच दाबतोय, सोडतोय, अगदी निवांत.

आणि मग माझ्या लक्षात आलं की माझा उजवा पाय ब्रेकशेजारी नुसता ठेवलेला आहे... ॲक्सिलरेटरवर नाहीच!

रोज स्कूलच्या गाडीत बसून लागलेली सवय, दुसरं काय. दुसऱ्यांना शिकवता शिकवता मीच बिघडलो होतो. पण मग ही गाडी आतापर्यंत बंद कशी नाही पडली? नारळावर, ब्रेकरवर... दहादा पडायला हवी होती. मी घाईनं ॲक्सिलरेटर दाबला. पॅडल थेट खाली जाऊन टेकलं. सैल. पलीकडे काही जोडलेलंच नाही असं. केबल तुटली होती.

समोर मारुतीचा चढ. छोटाच आहे, पण चार माणसं घेऊन ही गाडी तो पाय न लावता नुसत्या आयडलवर चढणं शक्य नाही. आणि तेवढ्यात चढाच्या पायथ्याशी एक केळीची हातगाडी आडवी आली. थांबावं लागलं. वहिनी माझ्या खिडकीशीच चालत होती. तिनं माझं तोंड पाहिलं. "काय झालं, भाऊजी?"

"काही नाही," मी म्हणालो.

हातगाडी सरकली. मी पहिला गिअर टाकला आणि डोळे मिटले... म्हणजे जवळजवळ मिटलेच.

घुंऽ... घुंऽ...

दोनदा. माझे दोन्ही पाय मला ठाऊक आहेत कुठे होते. डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर. इंजिन दोनदा रेस झालं, आणि मग आवाज खाली न येता तिथेच एकसारखा धरून राहिला. कोणीतरी नेमका जेवढा हवा तेवढाच पाय ठेवल्यासारखा. ब्रेकवरचा पाय उचलत मी क्लच सोडला. गाडी चढ चढली. एक गचका नाही, काही नाही.

मागून मेघाचं रडणं थांबलं. "काका... तुम्ही बाबांसारखी रेस दिली!"

मी आरशात पाहिलं. भिजलेल्या डोळ्यांनी हसत होती पोरगी.

"चाचाजी, ये तो हमारी नई गाडी से भी स्मूथ है," जावईबापू म्हणाले.

मारुतीपाशी पोहोचलो, मी क्लच दाबून ब्रेक लावला, आणि त्याच क्षणी इंजिन आपणहून शांत झालं. चावी मी फिरवली नव्हती. आत्याबाईंनी स्वतः पुढे येऊन गाडीला हळद-कुंकू लावलं, आणि मेघा हसत हसत दुसऱ्या गाडीत बसली. बुऱ्हाणपुरात हसत सासरी गेलेली मुलगी मी तरी दुसरी पाहिली नाही.

आता तुमच्यातले हुशार लोक जे विचारतील, ते मी आधीच स्वतःला विचारलंय. पेट्रोल वाढवणारा चोक ओढलेला होता का? नव्हता. आयडलचा स्क्रू वाढलेला? दुसऱ्या दिवशी तपासला, होता तिथेच होता. लोक ढकलत होते? लग्नाचा व्हिडिओ मी सात वेळा पाहिलाय, चढावर गाडीच्या मागे कोणीच नाही. केबल पॅडलपाशीच तुटली होती, दोन्ही टोकं मोकळी. आणि कॉम्प्युटर तर त्या गाडीच्या आजोबांनीही पाहिला नव्हता.

ते तुकडे मी वहिनीला दाखवले, सगळं सांगितलं. वाटलं, घाबरेल. ती चहा गाळत होती. "मंग?" म्हणाली. "शब्द दिला होता नं त्याहिनं." आणि मला कप दिला. वहिनी त्या दिवशी दादा गेल्यापासून पहिल्यांदा माझ्यासोबत बसून चहा प्यायली. मला फार बरं वाटलं.

मी नवी केबल टाकली. चैत्रात मेघा माहेरी आली. आईकडून तिला सगळं कळलं होतं. म्हणाली, "काका, मला बाबांची गाडी शिकवा." सकाळीच निघालो, ती स्टिअरिंगवर, मी बाजूला. मारुतीच्या चढाला आलो तशी मला म्हणाली, "थांबा हं, मी पाय नाही लावत." आणि तिनं नुसता क्लच सोडला.

गचका. बंद.

पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच. तिनं स्टिअरिंगवरून हात फिरवला.

"मला मारुतीपर्यंत सोडून मग गेले बाबा," ती म्हणाली. रडली नाही. ओढणीनं नाक पुसलं, चावी फिरवली, दोनदा रेस दिली आणि गाडी चढावर घातली.

कारण मला अजून सापडलेलं नाही. कोणाला माहीत असेल तर खाली लिहा, मी वाचीन. पण खरं सांगू? घाई नाही मला.