उकळलेला मध आणि ह्यांचा पाय

"पाय वाचेल असं आज सांगत नाही," अकोल्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि चिमट्याने ह्यांच्या तळव्यातून कापसाचे तंतू ओढू लागल्या. "हा कापूस कुठला?"

"आमच्या जिनिंगचा, मॅडम," ह्यांनी तोऱ्यात सांगितलं. "एक नंबर माल. काडी सापडनार नाई."

मला तिथंच कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

हे अकोटला जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर. कापसाचे वाईट दिवस, रोज कोणाला तरी कामावरून काढत होते, म्हणून हे खाडा करायला घाबरायचे. बुटात खिळा घुसला तो संध्याकाळपर्यंत कळलाच नाही. ह्याला न्यूरोपॅथी म्हणतात, म्हणजे शुगरमुळे पायाच्या नसा बधिर होतात. दुखत नाही, म्हणून माणूस निवांत. हे तसेच कामावर जात राहिले.

जखम चिघळली तेव्हा धारणीच्या नणंदबाई मेळघाटचा मध घेऊन आल्या. मधाने जखम भरते हे त्यांनी आजीकडून ऐकलेलं. पण कच्चा कसा लावायचा? आमच्याकडे दूध असो की पाणी, उकळलं की शुद्ध. त्यांनी मध चांगला खदखदून उकळला, थंड केला आणि कापसावर घालून बांधला. आठवडाभरात खोलीत बसवेना असा वास सुटला, तेव्हा अकोला गाठलं.

अल्सर झाला होता, म्हणजे भरत नसलेली खोल जखम. डॉपलर केलं. त्यात पायापर्यंत रक्त पोचतं का, ते आवाजावरून कळतं. पोचत होतं. एक्स-रेत हाडही शाबूत दिसलं. मग डिब्राइडमेंट झालं, म्हणजे मेलेलं मांस कापून काढलं. "जंतू हाडात गेले तर पायाचा पुढचा भाग कापावा लागेल," बाईंनी स्पष्ट सांगितलं.

आणि वर औषध काय लिहिलं? मधाची पट्टी! माझा पाराच चढला. "मॅडम, मधानंच तर वाटोळं झालं नं!"

"मधानं नाही, ताई. उकळल्यावर त्याचा जंतू मारायचा गुण जातो. आणि काही जंतूंची बीजं उकळूनही मरत नाहीत. कापसाची सरकी काढली म्हणून तो औषधी होत नाही. तो तेलकट असतो, ओल शोषत नाही, वर तंतू जखमेत राहतात."

त्यांनी लिहिलेली पट्टी बंद पाकिटात येते. गॅमा स्टरिलायझेशन केलेली, म्हणजे पाकीट न उघडता त्यातून किरणं सोडतात. जंतूही मरतात, बीजंही मरतात आणि मध तापत नाही.

हे दचकले. "मंग थे किरनं माह्या पायात नाई जानार?"

"एक्स-रे काढला, तेव्हा अंधारात चमकलात का?" बाईंनी विचारलं.

तेव्हा कुठे ह्यांनी पाय पुढे केला.

एक दिवसाआड अकोट-अकोला एस.टी. ह्यांचा पाय माझ्या मांडीवर, आणि कंडक्टरशी माझं भांडण ठरलेलं. दवाखान्यात नंबर पुकारला की ह्यांच्या आधी मीच बाकावरून उठायची. आधी वास गेला. मग एक दिवस बाईंनी पट्टी काढली आणि मला जवळ बोलावलं. जखमेत डाळिंबाच्या दाण्यांसारखं लालभडक दिसत होतं. "ग्रॅन्युलेशन. नवं मांस आलं. आता कापायचं नाही."

मला असं रडू फुटलं की पेशंटनेच उठून मला पाणी दिलं. सिस्टर ह्यांच्यावर ओरडली, "पाय टेकू नका!"

नणंदबाईंना फोन केला. त्या म्हणतात, "पाह्य, म्या म्हनलं होतं नं, मधानंच भरन!" आता काय बोलावं! पण खरं सांगते, त्या दिवशी मला त्यांचाही राग आला नाही. डॉक्टरीणबाईंचे तर उपकार फिटायचे नाहीत.

तुमच्या घरी कोणाला शुगर असेल तर रोज त्यांचे तळवे बघा. दुखत नाही म्हणतील, तरी बघा. बायकोने पाय हातात धरून निरखायचे म्हणजे ह्यांना आधी भारी लाज वाटायची. आता जेवण झालं की स्वतःच खाटेवर पाय लांब करतात. "पाह्य बरं."

मी चष्मा लावते आणि बघते. आधी एक, मग दुसरा.