हसरं तोंड

ठमीबद्दल, म्हणजे आपल्या एकुलत्या एका लेकीबद्दल, शिंपीणबाईंच्या तोंडून वावगा शब्द गल्लीत कुणी कधी ऐकला नाही. ठमीला जन्मापासून सिकलसेल. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात आणि हाडं आतून ठणकायला लागतात. पण कुणी विचारलं की सुईत दोरा ओवता ओवता बाई म्हणायच्या, "देवाच्या कृपेने बरी आहे." दुखणं बोलून दाखवलं की ते घर धरून बसतं, ही त्यांची पक्की समजूत.

मोठं रुग्णालय लांब. म्हणून तिथल्या सिस्टरने बाईंच्या फोनमध्ये एक सोय करून दिली. रोज सकाळी फोन विचारणार, ठमी कशी आहे? खाली पाच तोंडं, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत.

"रडकं दाबलंत की माझा फोन वाजेल, मावशी. लगेच गाडी पाठवीन."

बाई अंघोळ करायच्या, देवापुढे दिवा लावायच्या आणि हसरं तोंड दाबायच्या.

गुडघे पोटाशी घेऊन पडलेली ठमी विचारायची, "आई, ते तोंड कुणाचं गं? माझं तर नव्हे!"

"गप गं. सकाळी सकाळी अभद्र बोलू नये."

"मग नको बोलूस. नुसतं दाब की!"

सिस्टरच्या पडद्यावर ठमी कायम ठणठणीत. ज्यांची तोंडं रडकी त्यांना आधी बोलवायचं, अशी तिथली पद्धत. त्यामुळे ठमीची तपासणी पुढे पुढे ढकलली गेली. बाईंना वाटलं, देवाने ऐकलं.

मग एका सकाळी ठमीला ताप होता, छातीत कळ होती, श्वास पुरत नव्हता. बाईंचा अंगठा जरासा घुटमळला आणि रोजच्याच जागी गेला. दुपारी ओठ निळे पडले, तेव्हा शेजाऱ्याच्या रिक्षातून तिला नेलं.

"मावशी, आज सकाळीसुद्धा हसरं?" ऑक्सिजनचा मास्क चढवता चढवता सिस्टर ओरडलीच.

"लेकीच्या नावापुढे रडकं तोंड कसं लावू, सिस्टर?"



ठमी पहाटे गेली. बाई कॉटशेजारी स्टुलावर बसून होत्या, चादरीची उसवलेली कड बोटाने आत दुमडत. उजाडलं तसा पिशवीतला फोन थरथरला. ठमी कशी आहे? बाईंनी पाचही तोंडं नीट पाहिली आणि पहिल्यांदाच शेवटचं दाबलं.

वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला सिस्टरच्या खिशात फोन किंचाळला. हातातला ट्रे टाकून ती धावत सुटली, आणि नाव वाचून वाटेतच थांबली.